कंबरेत इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं अन् पंधरा दिवसांनी दुखणं उलटलं... मणक्यातला जंतुसंसर्ग ओळखायचा कसा?

फलटण : उसाच्या मोळ्या उचलणारे, दुधाचे कॅन गाडीवर चढवणारे, खड्ड्यांच्या रस्त्यानं रोज तीस-चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणणारे. तालुक्यात कंबर धरलेल्या माणसांना तोटा नाही. पूर्वी चमक भरली, उसण भरली की शेकायचं, चोळायचं, फारच झालं तर कुणाकडून तरी डाग द्यायचा. आता एमआरआय निघतो. 'गादी सरकलीय, नस दबलीय' असं कानावर येतं. आणि मग कुणीतरी सुचवतं, मोठं ऑपरेशन कशाला, मणक्यात एक इंजेक्शन घे, संध्याकाळी घरी ये.

या छोट्या उपचारांनी अनेकांना खरोखर आराम पडतो. नस सुजलेली असेल तर सूज उतरते, पायात जाणारी कळ कमी होते, माणूस कामाला लागतो. त्यामुळं हा मजकूर वाचून कुणी ठरलेला उपचार रद्द करू नये. पण सुई, नळी किंवा दुर्बीण मणक्यापर्यंत गेली की तिच्यासोबत जंतू आत जाण्याची शक्यता असते. ती फार थोडी असते. मणक्याजवळच्या इंजेक्शनांनंतर गंभीर संसर्ग साधारण हजारात एक ते दहा हजारांत एक एवढ्यांनाच होतो, असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात. गादीचा तुकडा काढण्याच्या ऑपरेशननंतर हे प्रमाण जास्त असतं, तरी ते शंभरात एखाद-दुसऱ्याच्या आसपास किंवा त्याहून कमी.

आकडा लहान असला तरी अडचण वेगळीच आहे. कंबरदुखीवर उपचार घेतला आणि त्या उपचारातून संसर्ग झाला, तर त्याचं पहिलं लक्षणही कंबरदुखीच असतं. पेशंटला वाटतं जुनंच दुखणं परत आलं. घरच्यांना वाटतं इंजेक्शन लागू पडलं नाही. कधी कधी डॉक्टरलाही तेच वाटतं आणि गोळ्या वाढवल्या जातात, नाहीतर दुसरं इंजेक्शन दिलं जातं. तोवर आत पू साठत राहतो.

सुई जाते कुठं?

'मणक्यात इंजेक्शन' या एका नावाखाली बरेच वेगवेगळे उपचार येतात. सगळ्यात जास्त होणारं म्हणजे एपिड्युरल. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी अरुंद पोकळी असते तिच्यात स्टिरॉइड सोडतात. कधी नेमक्या दबलेल्या नसेच्या मुळाशी औषध देतात, कधी मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांत. काही ठिकाणी गादीत ओझोन वायू सोडतात. काही ठिकाणी विजेच्या उष्णतेनं बारीक नस बधिर करतात. म्हाताऱ्या माणसाचा ठिसूळ मणका दबला असेल तर सुईनं सिमेंट भरतात. आणि दुर्बिणीतून गादीचा निसटलेला तुकडा काढणं, हे छोट्या छिद्रातून केलेलं ऑपरेशनच असतं. टाका एक असो की दहा, आतलं काम तेच.

यांत गादीची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या मणक्यांतून जे पाझरेल त्यावर ती जगते. कालव्याच्या टेलच्या वावराला पाणी जसं पोचता पोचत नाही, तशी तिची अवस्था. जंतू तिथं पोचला तर त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथं फारशा येत नाहीत आणि सलाईनमधून दिलेलं औषधही कमीच पोचतं. म्हणून तिथला संसर्ग हळूहळू धुमसतो. पायाला काटा लागून पू झाला तर दोन दिवसांत लाल होऊन ठणकतो, दिसतो. गादीतलं वरून काही दिसत नाही. सुई टोचल्याची जागा बऱ्याचदा स्वच्छ, कोरडी असते. 'जखम तर छान भरलीय' म्हणून सगळे निर्धास्त असतात.

त्यात स्टिरॉइड हे औषध सूज उतरवतं ते शरीराची प्रतिकाराची यंत्रणा थोडी दाबूनच. हाच त्याचा गुण आणि हाच धोका. मधुमेह असलेल्याला तर दुहेरी मार बसतो. एक तर त्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी. त्यात मणक्यात दिलेल्या स्टिरॉइडमुळं पुढचे काही दिवस साखर चढते. इंजेक्शनच्या आधी आणि नंतरचा आठवडाभर साखर तपासत राहावी, हे प्रत्येक मधुमेही माणसाला सांगायला हवं. ते सांगितलं जातंच असं नाही.

753 रुग्ण, 64 मृत्यू

या विषयातला जगातला सगळ्यात मोठा धडा अमेरिकेतला आहे आणि तो शेतकऱ्याला कुणाहीपेक्षा लवकर कळेल असा आहे.

सप्टेंबर 2012. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात एका रुग्णाला मेंदूज्वर झाला. नेहमीच्या औषधांना दाद देईना. डॉ. एप्रिल पेटिट यांनी पाठीतलं पाणी तपासलं तेव्हा त्यात बुरशी निघाली. धडधाकट माणसाच्या मेंदूच्या पाण्यात बुरशी सापडणं ही फार विचित्र गोष्ट. चौकशीत कळलं की या रुग्णानं काही आठवड्यांपूर्वी कंबरदुखीसाठी एपिड्युरल इंजेक्शन घेतलं होतं. त्यांनी 18 सप्टेंबरला राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. आठवड्याभरात त्याच केंद्रातले आणखी रुग्ण सापडले आणि मग एकेका राज्यातून बातम्या येऊ लागल्या.

दोष ना सुईचा होता ना इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांचा. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या 'न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर' या कंपनीनं बनवलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या बाटल्यांतच बुरशी होती. तीन बॅच, साडेसतरा हजारांहून जास्त बाटल्या, 23 राज्यांतल्या 76 दवाखान्यांना गेलेल्या. 26 सप्टेंबरला त्या परत मागवल्या, पण तोवर तेरा हजारांवर माणसांना ते औषध टोचून झालं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या हिशेबात शेवटी 20 राज्यांत 753 जणांना संसर्ग झाला आणि 64 जण गेले. कंपनीचा मालक बॅरी कॅडन याला 2017 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली, पुढं 2021 मध्ये ती साडेचौदा वर्षांची केली गेली.

पहिल्या रुग्णात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी सापडली होती. पण बहुतेकांच्या अंगात निघाली ती एक्सेरोहायलम. मका करणाऱ्या शेतकऱ्यानं पानावर लांबट राखाडी-तपकिरी चट्टे पडणारा करपा पाहिलेला असतो. तो करपा आणणारी बुरशी याच कुळातली, सख्खी बहीण म्हणा. गवतावर, ज्वारी-मक्याच्या पानावर जगणारी ही जात माणसाला सहसा काही करत नाही. पण तिचे बीजाणू हवेत सगळीकडं असतात. औषध भरण्याच्या खोलीत स्वच्छता ढिली पडली, ती बाटलीत शिरली आणि बाटलीतून थेट माणसाच्या मणक्यात. जिथं कातडी नाही, जठरातलं आम्ल नाही, असा कोणताच पहारा नाही, तिथं पानावरची बुरशीसुद्धा माणसाला मारू शकते.

दहा वर्षांनी मेक्सिकोत पुन्हा तेच घडलं. 2022 मध्ये दुरांगो आणि 2023 मध्ये मातामोरोस या शहरांत पाठीत भूल दिलेल्या रुग्णांना बुरशीचा मेंदूज्वर झाला, बरेच दगावले. या वेळी बुरशी होती फ्युजेरियम. हरभऱ्याला मर लावणारी जी बुरशी, तिच्याच जातकुळीची.

अमेरिकेतल्या प्रकरणाचा आपल्या विषयाशी सगळ्यात जवळचा भाग मात्र मेंदूज्वराचा नाही. 753 पैकी 325 जणांना मेंदूज्वर नव्हताच. त्यांना सुई जिथं टोचली तिथंच, मणक्यात किंवा मणक्याशेजारी संसर्ग झाला होता. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरच्या एका रुग्णालयानं मग वेगळाच मार्ग धरला. ज्यांना त्या बॅचचं इंजेक्शन मिळालं होतं पण जे स्वतःहून तक्रार घेऊन आलेच नव्हते, अशा 172 जणांना बोलावून एमआरआय काढला. त्यांतल्या 36 जणांच्या एमआरआयमध्ये दोष निघाला आणि जवळपास सगळ्यांना संसर्ग असल्याचं ठरलं. ही माणसं घरीच होती. कंबर थोडी दुखतेय, पण ती तर आधीपासूनच दुखत होती, असं म्हणत.

एक गोष्ट तिथं बरी होती. कोणत्या बॅचची बाटली कोणत्या रुग्णाला दिली याची नोंद होती, म्हणून हजारो लोकांना काही दिवसांत फोन करता आले. आपल्याकडं कित्येक चिठ्ठ्यांवर नुसतं 'इंजेक्शन दिले' एवढंच असतं. कोणतं, किती, कुठल्या मणक्यात, बॅच कोणती, काही नाही. हे लिहून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. मोबाइलवर बाटलीच्या लेबलचा फोटो घेऊन ठेवला तरी पुरे.

जंतू आत येतो कसा?

औषधच खराब निघणं हे क्वचित घडतं. रोजच्या व्यवहारात जंतू येतो तो बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरून. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू नाकात, काखेत, कातडीच्या भेगांत राहतो. गळू, केसतूड आणतो तोच. कातडी नीट निर्जंतुक न करता सुई घातली तर तो सुईच्या टोकाबरोबर आत जातो. दुसरी वाट म्हणजे सुई टोचणाऱ्याचं तोंड. तोंडातले जंतू बोलताना उडतात. म्हणूनच मणक्यात औषध सोडताना तोंडाला मास्क लावावाच, अशी सूचना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2007 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या खूप आधी काढली होती. तिसरी वाट म्हणजे एकच मोठी बाटली अनेकांना वापरणं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात आणखी एक भानगड असते. पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतर छिद्राच्या जागी महिन्या-दीड महिन्यानं गाठ येणं, पाणी येणं आणि नेहमीच्या औषधांनी ते न थांबणं, हे भारतातल्या सर्जन मंडळींना चांगलंच माहीत आहे. टीबीच्या जंतूचे चुलते म्हणता येतील असे काही जंतू पाण्यात राहतात. हत्यारं वाफेच्या दाबाखाली न ठेवता नुसती रसायनात बुडवून काढली, वर साध्या पाण्यानं धुतली, तर ते हत्यारांवर टिकतात. मणक्याच्या दुर्बिणीलाही हाच नियम लागू आहे. हत्यारं कशी निर्जंतुक करता, हा प्रश्न विचारायला लाजू नये. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि काही वेळा जंतू रुग्ण स्वतःच घेऊन येतो. पायाच्या बोटात चिखल्या होऊन पू झालेला, लघवीला जळजळ, किडलेली दाढ सुजलेली, मांडीवर गळू. अशा वेळी मणक्यातलं इंजेक्शन पुढं ढकलायचं असतं. ते डॉक्टरला आपणहून सांगावं लागतं, कारण कंबर तपासणारा माणूस पायाची बोटं बघेलच असं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं. सुईच्या जागी रक्त साठून गाठ झाली तर तीही नस दाबते.

घरी आल्यावरची पथ्यं साधी आहेत. सुईच्या जागेवर तेल, लेप, बाम, हळद काही लावायचं नाही, चोळायचं नाही. एक-दोन दिवस जागा कोरडी ठेवायची. छिद्र भरेपर्यंत नीरा उजव्या कालव्यात किंवा विहिरीत पोहायला उतरायचं नाही.

उलटलेलं दुखणं कसं असतं?

समजा, गुणवरे-आसू भागातल्या पन्नाशीतल्या एका माणसाच्या कंबरेत इंजेक्शन झालं. पहिले आठ दिवस झकास. पायाची कळ गेली, गडी पुन्हा धारा काढायला बसला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंबर परत दुखू लागली. हे जुनं दुखणं की नवं? फरक असतो आणि लक्ष दिलं तर तो घरच्या घरी कळतो.

गादीचं, नसेचं जुनं दुखणं कामानं वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं. संसर्गाचं दुखणं झोपूनही थांबत नाही. रात्री जास्त छळतं. कूस बदलताना जीव जातो, खाटेवरून उठताना कंबर लाकडासारखी ताठ होते, शेजारून कुणी खाटेला धक्का दिला तरी ओरडायला होतं. जुनं दुखणं पायात जास्त होतं, आता ते कंबरेच्या मधोमध आलं. आधी चांगलं वाटून मग वाढलं आणि रोज थोडं थोडं वाढतच चाललं. सोबत भूक मरणं, वजन उतरणं, रात्री घाम. अशा दुखण्याला 'परत उमळलं' म्हणून सोडून देऊ नये. ही मुदत सहसा एक ते चार आठवड्यांची असते, पण बुरशी किंवा टीबीसारखे संथ जंतू दोन-तीन महिनेही घेतात.

तापाबद्दल मोठा गैरसमज आहे. 'ताप नाही ना, मग संसर्ग नाही' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. मणक्याच्या संसर्गात निम्म्याच्या आसपास लोकांना ताप येतच नाही. शिवाय कंबरदुखीसाठी दिलेल्या गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतंच. दिवसातून तीनदा ती गोळी घेणाऱ्याला ताप कळणार कसा?

तपासण्यांतही असाच चकवा आहे. साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी नॉर्मल येऊ शकतात. साधा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ दिसतो. उपयोगाच्या तपासण्या दोन आहेत, त्या तालुक्याच्या कोणत्याही बऱ्या लॅबमध्ये होतात आणि फार महागही नाहीत. सीआरपी आणि ईएसआर. ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते आणि साधारण दोन आठवड्यांत उतरते. नुसत्या इंजेक्शननंतर तर ती फारशी चढायलाच नको. तीन आठवड्यांनी ती चढलेली असेल, किंवा उतरून पुन्हा चढली असेल, तर शोध घ्यायलाच हवा. ईएसआर उतरायला जास्त वेळ घेतो, म्हणून एकट्या त्यावर भिस्त नको. मग पुढची पायरी एमआरआय, शक्यतो शिरेतून औषध देऊन काढलेला. तोही फार लवकर काढला तर गोंधळात टाकू शकतो. संशय कायम असेल तर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. खर्च दुप्पट होतो खरा.

अँटिबायोटिकची घाई नको

इथं आपल्याकडं सगळ्यात मोठा घोटाळा होतो. दुखणं वाढलं की जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स मिळतो, दोन सलाईन लागतात. थोडं बरं वाटतं. पण पाच दिवसांच्या गोळ्यांनी गादीतला जंतू मरत नाही, तो फक्त लपतो. मग पुढं मोठ्या रुग्णालयात रक्ताचं कल्चर केलं, सुईनं मणक्यातला तुकडा काढून तपासला तरी त्यात काहीच उगवत नाही. कोणत्या जंतूशी लढायचं तेच कळत नाही आणि अंदाजानं औषधं चालवावी लागतात.

त्यामुळं क्रम महत्त्वाचा. माणूस चालता-बोलता आहे, पायात ताकद आहे, अंगात विष भिनल्यासारखा गळून गेलेला नाही, तर आधी रक्ताचं कल्चर, त्यात उगवलं नाही तर सीटी स्कॅनच्या मदतीनं मणक्यातला नमुना, आणि मग औषध. नमुना काढतानाच तो साध्या जंतूंसाठी, टीबीसाठी आणि बुरशीसाठी अशा तिन्ही तपासण्यांना पाठवायला सांगावा. एकदा सुई आत घालायचीच तर एका तपासणीपुरती घालण्यात अर्थ नाही.

टीबीचं नाव काढण्याला कारण आहे. आपल्या देशात मणक्याचा टीबी इतका आढळतो की एमआरआयमध्ये मणका खराब दिसला की नमुना न घेताच टीबीची औषधं सुरू होतात. इंजेक्शननंतरचा संसर्ग स्टॅफिलोकॉकसचा असेल तर त्याला टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांनी तो हटत नाही आणि दोन महिने फुकट जातात. उलटही घडतं. मुळातली कंबरदुखीच टीबीची असते, ती गादीची समजून तिच्यावर स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं आणि टीबी मोकाट सुटतो. म्हणजे जंतू इंजेक्शननं आणला नाही, तो आधीच होता, इंजेक्शननं त्याला वाट करून दिली. म्हणून इंजेक्शनच्या आधीच ताजा एमआरआय आणि सीआरपी-ईएसआर पाहिलेलं बरं.

फलटणसारख्या दुधाच्या तालुक्यात आणखी एक नाव डॉक्टरच्या कानावर घालायला हवं, ब्रुसेला. गाय गाभडली, वार अडकली, ती उघड्या हातानं काढली किंवा निरसं दूध प्यायलं, तर हा जनावरांचा जंतू माणसात येतो. अंग मोडून येणं, येऊन-जाऊन ताप, घाम आणि कंबरेच्या मणक्यात सूज हे त्याचे प्रकार. केंद्र सरकारनं 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन्हींविरुद्ध राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देतात. मोठ्या शहरातला डॉक्टर 'गोठ्यात काम करता का' हे विचारेलच असं नाही, आपणच सांगावं. त्याची रक्ततपासणी वेगळी आणि औषधंही वेगळी, किमान तीन महिन्यांची.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पू साठून मज्जारज्जू किंवा नसांचा जुडगा दाबला गेला तर वेळ दिवसांत नाही, तासांत मोजावा लागतो. पाय लुळा पडू लागणं, चप्पल पायातून नकळत निसटणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, संडासावरचा ताबा जाणं, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर होणं. यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. इंजेक्शननंतर जबर डोकेदुखी, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, बरळणं ही मेंदूज्वराची लक्षणं आहेत, त्यांनाही हाच नियम. पाय पूर्ण लुळा पडल्यावर एक-दीड दिवस गेला तर ऑपरेशन करूनही तो परत उठेल याची खात्री देता येत नाही. अशा वेळी 'लघवी होत नाही' म्हणून गावात नळी घालून घेऊन घरी झोपणं हे सगळ्यात महागात पडतं.

जायचं कुठं, हे आधीच ठरवलेलं असावं. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना पहिला फोन करावा, कारण काय आणि कुठं टोचलं ते त्यांनाच माहीत. फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढं पाठवलं जाऊ शकतं, 108 ची रुग्णवाहिका आहे. पण शेवटी एमआरआय, कल्चर आणि मणक्याचा सर्जन या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली असलेलं ठिकाण गाठावं लागतं. फलटणकरांना बारामती, सातारा, कराड, मिरज आणि पुणे या वाटा आहेत. बारामती आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पुण्यात ससून. निघण्याआधी फोन करून या वेळेला एमआरआय चालू आहे का विचारावं, रात्री-बेरात्री दोन ठिकाणी फिरण्यात पाय जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठावं. जुने-नवे सगळे एमआरआय सोबत न्यावेत, रिपोर्टचा कागद नव्हे, फिल्म किंवा सीडी. जुना फोटो शेजारी ठेवला की नवं काय बिघडलंय ते डॉक्टरला पटकन कळतं.

वेळेवर सापडलं तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. जंतू कळला की त्याला लागू पडणारं औषध आधी शिरेतून, मग गोळ्यांनी, असं साधारण सहा आठवडे चालतं. मणक्याच्या साध्या जंतूंच्या संसर्गात सहा आठवड्यांचा कोर्स बारा आठवड्यांइतकाच गुण देतो, हे फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आलं, 2015 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं. गळू मोठं असेल, मधुमेह हाताबाहेर असेल तर मुदत वाढते. टीबी निघाला तर वर्षभर किंवा जास्त, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत. बुरशी निघाली तर महिनोन्महिने औषधं, तीही महाग.

या सहा आठवड्यांत दोनदा माणूस फसतो. पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्यात, दुखणं निम्म्यानं उतरल्यावर. उसाला पाणी द्यायचं असतं, गोळ्या बंद होतात. दुसऱ्यांदा कोर्स संपल्यावर, एमआरआय पुन्हा काढून. कारण दुखणं गेलं, सीआरपी उतरली, वजन भरू लागलं तरी एमआरआयवरच्या खुणा कित्येक महिने तशाच दिसतात, सुरुवातीला तर कधी वाढल्यासारख्याही दिसतात. फोटो पाहून घाबरायचं नाही आणि फोटोसाठी परत ऑपरेशनला तयार व्हायचं नाही. दुखणं कमी होतंय का आणि सीआरपी खाली येतेय का, डॉक्टर हेच पाहतात. कंबरेचा पट्टा किती दिवस बांधायचा, ओझं कधी उचलायचं, मोटारसायकल कधीपासून, हेही त्यांच्याकडूनच तारीख-वार लिहून घ्यावं.